शंभराने गुणण्याआधी

जर्मनीतल्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं की घरात सगळ्यात आधी गुणाकार होतो. वर्षाला 60,000 युरो, युरोचा भाव 100 रुपयांच्या आसपास, म्हणजे 60 लाख. पुण्यात आत्ता मिळतात 22 लाख. एवढं झालं की निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. नंतरची चर्चा उरते ती सामान किती न्यायचं आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा की बंद ठेवायचा एवढीच.

हा लेख त्या गुणाकाराच्या आणि निर्णयाच्या मधल्या दिवसांसाठी आहे. तुलनेसाठी मी पुणे आणि जर्मनी ही जोडी घेतली आहे, कारण आपल्याकडे हा प्रश्न खरोखर पडतो. चाकणला जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने आहेत, मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या आहेत, आणि इंजिनिअर झालेल्या मुलामुलींना तिकडून बोलावणी येत असतात. तुमच्या हातातलं पत्र कॅनडाचं किंवा ऑस्ट्रेलियाचं असेल तर आकडे बदलतील, पण विचारायचे प्रश्न हेच राहतील.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. दोन देशांची तुलना करू नका, आपल्याच घराची दोनदा मांडणी करा. तेच नवरा-बायको, तीच मुलं, तेच आई-वडील, एकदा इथे आणि एकदा तिथे. संसाराच्या प्रत्येक गरजेपुढे एकच प्रश्न लिहा: ही गरज कोण भागवतं? माझा खिसा, तिथलं सरकार, की माझी माणसं? भारतात बरंचसं खिसा आणि माणसं भागवतात, जर्मनीत खिसा आणि सरकार. माणसांची जागा तिथे बराच काळ रिकामी राहते. तुलनेचा सगळा अवघडपणा या एका फरकात आहे.

क्रमवाऱ्यांनी काय सांगितलं

संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक 1990 पासून निघतो. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने तो आकाराला आणला. 2025 च्या अहवालात 193 देशांत जर्मनी पाचव्या क्रमांकावर आणि भारत 130 व्या क्रमांकावर आहे. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची ती देशभराची सरासरी आहे. त्यात कोथरूड आहे तसं नंदुरबारही आहे. पुण्यातल्या सुस्थितीतल्या घराला ती सरासरी लागू पडत नाही, म्हणून अनेक जण ती बाजूला सारतात. राहायला उत्तम शहरांच्या याद्यांची गोष्ट वेगळी. मर्सर या सल्लागार कंपनीची किंवा इकॉनॉमिस्ट समूहाची यादी मुख्यतः कंपन्यांच्या उपयोगाची आहे. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीपोटी किती भत्ता द्यावा, हे त्यावरून ठरवतात. तुमच्या सासूबाईंचं मन तिथे रमेल का, हे ती यादी सांगणार नाही.

तरीही मानव विकासाची क्रमवारी मी टाकून देणार नाही, आणि त्याचं कारण व्यवहारी आहे. भारतात आपण सरासरीच्या बरेच वर राहतो. डॉक्टर मामेभावाचा वर्गमित्र असतो, शाळेत प्रवेशासाठी शब्द टाकणारं कुणीतरी असतं, पोलीस चौकीत सोबत येणारं कुणीतरी असतं. परदेशी गेल्यावर ही सगळी ओळख विमानतळावरच सुटते. तिथे तुम्ही तिथल्या सामान्य माणसासारखे राहणार. म्हणून त्या देशात सामान्य माणसाला विनाओळख काय मिळतं, हा तुमच्या घरचाच प्रश्न होतो. जर्मनीत त्याला बरंच काही मिळतं, आणि सामान्य माणूस म्हणून जगायचं तर तो देश चांगला आहे.

पैशाचा खरा हिशेब

आता तो गुणाकार. जागतिक बँक क्रयशक्तीचे आकडे काढते, म्हणजे एका देशात ठरावीक पैशात जेवढं येतं तेवढंच दुसऱ्या देशात घ्यायला किती लागेल. त्या हिशेबाने अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं तेवढ्यासाठी भारतात साधारण 20 रुपये लागतात आणि जर्मनीत साधारण पाऊण युरो. म्हणजे खर्चाच्या दृष्टीने एक युरो 27-28 रुपयांच्या बरोबरीचा. मग 60,000 युरोंचे 60 लाख न होता सतरा लाखांच्या आतच होतात, पुण्याच्या पगाराहून कमी!

पण हाही आकडा तुमचा नाही. क्रयशक्तीच्या टोपलीत तांदूळ, केस कापणं, एसटीचं तिकीट आणि खेड्यातलं घरभाडंही आहे. तुमच्या टोपलीत मोटार, लॅपटॉप, फोन, विमानाची तिकिटं आणि खासगी शाळेची फी आहे. यातल्या पहिल्या चार गोष्टी जगात सगळीकडे जवळपास सारख्याच भावाने मिळतात, आणि पाचवीच्या जागी तिथे सरकारी शाळा असते, तिला पैसेच लागत नाहीत. म्हणून मागच्या बारा महिन्यांचा आपला खर्च काढा आणि एकेका रकमेसमोर त्या विशिष्ट शहरातला भाव लिहा. सुटीचे दोन दिवस जातील, पण दुसरा कुठलाच आकडा याची बरोबरी करणार नाही.

आणि एक नियम पाळा. जे युरो तिथेच खर्च होणार आहेत त्यांना 100 ने गुणू नका. महिन्याच्या शेवटी उरतील आणि भारतात येऊन भारतातच खर्च होतील, तेवढ्याच युरोंना गुणा.

ते किती उरतील? महिना 5,000 युरो पगार असलेल्या एकट्या माणसाच्या हातात 3,100 ते 3,200 युरो पडतात. बाकीचे प्राप्तिकर आणि चार सामाजिक विम्यांत जातात: निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि दीर्घकालीन शुश्रूषा. जोडीदार कमावत नसेल तर तिसरा, कमी कपातीचा करवर्ग घेता येतो आणि हातात साडेतीन हजारांच्या वर येतात. प्रत्येक मुलामागे सरकार दरमहा भत्ता देतं, 2026 पासून तो 259 युरो आहे. कंपनीकडून आकडा मागताना कापून हातात किती पडेल हेच विचारा. असं विचारणं तिथे नेहमीचं आहे, संकोच करू नका.

मग घरभाडं. इथे देशापेक्षा शहराची निवड महत्त्वाची ठरते. म्युनिकमध्ये तीन खोल्यांच्या घराचं, हीटिंग धरून, भाडं 2,000 युरोंच्या घरात सहज जातं. लाइपझिग किंवा केमनिट्झला साधारण त्याच्या निम्म्यात घर मिळतं. जाहिरातीत दोन भाडी असतात, एक हीटिंग आणि देखभाल वगळून, दुसरं ते धरून. हिशेबात दुसरं घ्या. अनामत रक्कम पहिल्या भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत मागता येते. अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती भिंत आणि नळाची तोटी असते. ओटा, कपाटं, शेगडी आपण आणायची. टीव्ही नसला तरी घरामागे महिना 18.36 युरो प्रसारणशुल्क भरावं लागतं. हे सगळं लिहून बघितल्यावर म्युनिकमधला एका पगाराचा संसार पुण्यातल्या दोन पगारांच्या संसारापेक्षा ओढगस्तीचा निघू शकतो. त्याच पगारात लाइपझिगला चांगली शिल्लक पडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध कडक भूमिका घेणाऱ्या एएफडी पक्षाला 20.8 टक्के मतं मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. पूर्व जर्मनीत त्याचं बळ सर्वाधिक आहे, आणि स्वस्त भाड्याची बरीच शहरं पूर्वेतच आहेत. विद्यापीठं असलेल्या मोठ्या शहरांत मोकळं वाटतं, आसपासच्या छोट्या गावांत नजरा जाणवू शकतात. शहर ठरवण्याआधी तिथे आधीपासून राहणाऱ्या दोन भारतीय कुटुंबांशी बोला, आणि त्या घरातल्या बाईंशी स्वतंत्रपणे बोला.

आजारपण

पगारातून जे कापलं जातं ते गेलं, असं समजू नका. त्याचं काय मिळतं ते बघा, म्हणजे तुलना सरळ होते.

भारतात 2021-22 मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. 2013-14 मध्ये हेच प्रमाण 64.2 टक्के होतं, म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण मोठं आजारपण आलं की मध्यमवर्गीय घर अजूनही हादरतं. विम्याची मर्यादा संपते, मुदत ठेव मोडते. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. इस्पितळात दिवसाला 10 युरो भरायचे, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस. औषधामागे सहसा 5 ते 10 युरो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाहीत. कर्करोगाचे उपचार असोत की मुलाचं इन्शुलिन, चिंता आजाराची असते, बिलाची नसते. आजारी पडल्यावर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. पुढे एकाच आजारासाठी तीन वर्षांत एकूण 78 आठवड्यांपर्यंत, आधीचे सहा आठवडे धरून, विमा पगाराच्या साधारण 70 टक्के देतो.

उलट बाजूही खरी आहे. पुण्यात गुडघा दुखला तर त्याच संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे जाता येतं आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय होतो. जर्मनीत आधी कुटुंबाच्या डॉक्टरकडे जायचं, मग तज्ज्ञाची वेळ घ्यायची, आणि ती कित्येकदा काही आठवड्यांनंतरची मिळते. ताप आलेल्या मुलाला घेऊन गेलात तर विश्रांती द्या, भरपूर पाणी पाजा असं सांगून घरी पाठवतील. आपल्या माणसांना हे बेफिकिरीचं वाटतं. तशी ती नसते, तिथली औषधं देण्याची पद्धत सावध आहे. पण रात्री दोन वाजता ही समजूत कामी येत नाही, हेही मला ठाऊक आहे. इस्पितळात जाण्याइतकं गंभीर नसेल तेव्हा 116117 या क्रमांकावर अवेळी डॉक्टर मिळतात. पहिल्याच दिवशी तो फोनमध्ये भरून ठेवा.

छोट्या दुखण्यात पुणे सोयीचं, मोठ्या दुखण्यात जर्मनी. माझ्या मते मोठ्या दुखण्याचं वजन जास्त धरावं, आणि घरात दीर्घ आजार असेल तर ते निर्णायकच मानावं.

वेळ आणि घरकाम

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या देशांत वर्षाचे कामाचे तास जर्मनीत सर्वांत कमी आहेत, 2023 मध्ये माणशी 1,343. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20 दिवसांची भरपगारी रजा आहे, प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या 25 ते 30 दिवस देतात. संध्याकाळी पाचनंतर साहेबांचा फोन येत नाही. हिंजवडीच्या वाहतुकीत रोज दोन-अडीच तास घालवणाऱ्या माणसाला हा बदल फार मोठा वाटतो. मुलं जागी असताना आई-बाबा दोघं घरी असतात. ज्यांनी हे अनुभवलं त्यांच्या तोंडून पगाराच्या आधी या संध्याकाळचं नाव येतं.

पण हा सगळा वेळ मोकळा राहत नाही. जर्मनीत जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. रोज दोन तास कामाला बाई लावायची म्हटलं तर महिन्याला 600 युरोंच्या वर जातात. त्यामुळे पोळ्या, भांडी, संडास-बाथरूम, इस्त्री सगळं आपणच करायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवार किराण्यात जातो. नळ दुरुस्त करणारा बोलावला की त्याचं बिल बघून पुढच्या वेळी आपणच पाना हातात घेतो. इथे आईच्या किंवा मावशींच्या भरवशावर चालणारं घर असेल तर पहिलं वर्ष दमवणारं असतं, आणि ते दमणं नवरा-बायकोत सारखं वाटलं गेलं नाही तर भांडणं होतात. निघण्याच्या सहा महिने आधी पुण्यातच घरकाम वाटून घेऊन बघा. जे इथे जमलं नाही ते तिथे आपोआप जमणार नाही.

या जागी मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पुण्यातल्या आपल्या सुखाचा मोठा भाग दुसऱ्याच्या स्वस्त श्रमांवर उभा आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना ना भरपगारी रजा, ना निवृत्तिवेतन. त्या आजारी पडल्या की त्या दिवसाची कमाई बुडण्याची धास्ती. जर्मनीत ऑफिस झाडणाऱ्या कायम नोकरीतल्या बाईला तोच आरोग्य विमा आहे जो त्याच ऑफिसातल्या इंजिनिअरला, आणि तीही भरपगारी रजेवर जाते. आपली तिथे गैरसोय होते ती याच कारणाने. तुलना करताना ही गैरसोय तोट्याच्या रकान्यात लिहा, हरकत नाही. पण ती कशामुळे आहे तेही शेजारी लिहा.

जोडीदाराची नोकरी

बहुतेक घरांत पत्र एकालाच आलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते नवऱ्याला आलेलं असतं. बायको इथे शिक्षिका, वकील, दंतवैद्य, बँकेतली अधिकारी असते. युरोपीय ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, गेलेल्याच्या जोडीदाराला तिथे लगेच नोकरी करण्याची मुभा आहे आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही सक्तीची नाही. कागदावरची ही मुभा खरी आहे. पण संगणक क्षेत्र सोडलं तर नोकरीचं दार भाषेनेच उघडतं. डॉक्टर आणि दंतवैद्यांना तिथला परवाना मिळवावा लागतो, त्यासाठी भाषेची आणि बहुधा विषयाचीही परीक्षा असते. वकिलीचं शिक्षण तिथे जवळजवळ निरुपयोगी होतं. शिक्षिकेला पुन्हा वर्गात उभं राहायला काही वर्षं लागू शकतात.

हा तोटा हिशेबात रकमेने लिहा. जोडीदाराचा इथला पगार, पुढच्या तीन वर्षांतली वाढ, भविष्य निर्वाह निधी, सगळं. जे रकमेत मावत नाही तेही लिहा: स्वतःच्या नावाने ओळखलं जाणं, सहकारी, दुपारच्या डब्याच्या वेळच्या गप्पा. थंडीत, परक्या भाषेच्या गावात, चार वाजता अंधार पडत असताना घरात एकटीने बसायचं म्हणजे काय, याचा विचार निघण्याआधी व्हायला हवा. दुसरी बाजूही आहे. रात्री दहा वाजता ट्रॅमने एकटीने घरी येता येतं आणि फुटपाथवरून बाबागाडी ढकलत कुठेही जाता येतं. कपडे काय घातले यावर कुणी बोलत नाही. अनेक मराठी बायका या मोकळेपणासाठी तिथे राहिल्या आहेत.

म्हणून तुलनेचा कागद एक नको, दोन हवेत. नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळे भरायचे, एकमेकांचे न बघता, आणि मग शेजारी ठेवून वाचायचे. जिथे दोघांची उत्तरं सर्वांत वेगळी येतील तिथे आधी बोला. आणि जायचं ठरलंच तर जर्मनचा वर्ग नोकरीवाल्याच्या आधी जोडीदाराने लावावा.

मुलं किती वर्षांची आहेत

मुलांच्या बाबतीत देशाइतकंच त्यांचं वय महत्त्वाचं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. बर्लिन आणि ब्रँडेनबुर्गमध्ये ती सहावीनंतर होते. विद्यापीठाकडे नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियम, बाकीच्या शाळा व्यवसायशिक्षणाकडे नेतात. पुढे मार्ग बदलता येतो, पण ते सोपं नाही. तीन-चार वर्षांचं मूल गेलं तर बालवाडीत खेळता खेळता जर्मन शिकतं आणि पहिलीत बाकीच्यांच्या बरोबरीने बसतं. नऊ वर्षांचं हुशार मूल गेलं तर भाषा येण्याआधीच त्याची विभागणी होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तर गणित येत असूनही प्रश्न वाचता येत नाही. खासगी आंतरराष्ट्रीय शाळा हा उपाय आहे, पण तिची फी वरच्या हिशेबातली शिल्लक खाऊन टाकते.

सरकारी शाळा विनामूल्य आणि चांगल्या आहेत. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सत्रामागे 1,500 युरो भरावे लागतात, पण जर्मनीत शाळा पूर्ण केलेल्यांना सहसा तेही लागत नाहीत. मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथली व्यवसायशिक्षणाची पद्धत. आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस कारखान्यात किंवा दुकानात काम, आणि त्या कामाचा पगार. सुतार, विद्युत तंत्रज्ञ, बेकर यांना तिथे मान आणि स्थिर कमाई आहे. आपल्याकडे जेईई किंवा नीटमध्ये मागे पडलेल्या मुलाला जे ऐकावं लागतं ते तिथे ऐकावं लागत नाही. ज्यांचं मूल हाताने काम करण्यात रमतं आणि पुस्तकाला कंटाळतं, त्यांनी हा मुद्दा ठळक लिहावा.

शाळा सुरू असताना दिवाळीसाठी मुलाला भारतात आणता येत नाही. हजेरी कायद्याने सक्तीची आहे, विनापरवाना गैरहजेरीला दंड होतो. मराठी घरात बोललात तर टिकते. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतात. पण देवनागरी वाचायला शिकवणं हे आई-बाबांचंच काम राहतं.

आई-वडील

हा रकाना बहुतेक जण शेवटी भरतात. मी म्हणेन, आधी भरा.

आई-वडिलांना भेटीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. 1 मार्च 2024 पासून किंवा त्यानंतर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना, आणि जोडीदारही तिथे असेल तर सासू-सासऱ्यांनाही, कायमचं बोलावण्याची वाट कायद्याने उघडली आहे. पण त्यांचा पुरेसा आरोग्य विमा काढणं ही अट आहे. सत्तरीच्या माणसाला सार्वजनिक विम्यात जागा मिळत नाही, आणि खासगी विमा मिळालाच तर फार महाग पडतो. म्हणजे बहुतेक घरांसाठी ते पुण्यातच राहणार, असं धरून चला.

मग लिहा. रात्री त्यांना इस्पितळात कोण नेणार? घराची किल्ली कोणाकडे आहे? विम्याची कागदपत्रं आणि बँकेचे अधिकार कोणाच्या नावावर आहेत? केअरटेकर ठेवावा लागला तर महिना किती? वर्षातून एकदा चौघांची तिकिटं आणि एखाद्या अचानक फेरीची तिकिटं, यासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे का? भारत आणि जर्मनीच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर आहे. अमेरिकेच्या मानाने ही मोठी सोय आहे, रोज फोन होतो. फ्रँकफर्टहून मुंबईचं थेट विमान आठ-नऊ तासांत पोचतं. निरोप आल्यापासून दुसऱ्या दिवशी पोचता येतं, त्याआधी सहसा नाही.

आणि बहीण (किंवा भाऊ) इथे असेल तर तिचा विचार करा. तुम्ही गेल्यावर औषधं, दवाखाना, सोसायटीची बिलं, आईचं एकटेपण सगळं तिच्यावर पडतं. युरो पाठवून त्याची भरपाई होते असं मानणाऱ्या घरांत पुढे कटुता येते. जाण्याआधी तिच्याशी समोर बसून बोला. काय काम, कोण करणार, कोण किती पैसे देणार आणि वर्षातले कुठले आठवडे तुम्ही इथे येऊन तिला सुटी देणार, हे ठरवा आणि पाळा.

हवा, रस्ते आणि हिवाळा

2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, जर्मनीत सुमारे 2,800. लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर लाखामागे इथे बारा, तिथे तीन-साडेतीन. तिथे मुलं पहिलीपासून एकटी चालत शाळेत जातात, ती या आकड्याच्या बळावर. हवेचंही तसंच. सूक्ष्म धूलिकणांसाठी भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघाने 2030 पासून ती 10 ठरवली आहे. दमेकरी मुलाच्या आईला यावर जास्त सांगायला नको.

पण डिसेंबरात बर्लिनला दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो आणि तोही कित्येकदा ढगाळ. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाच्या मनावर याचा परिणाम होतो, तो गंभीरपणे घ्या. आधी जाऊन बघायचं असेल तर जूनमध्ये जाऊ नका, जानेवारीत जा. रेल्वेबद्दलच्या जुन्या कल्पनाही सोडा: 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त 62.5 टक्के वेळेवर होत्या. आणि यूपीआयची सवय झालेल्यांना पत्राने चालणारा सरकारी कारभार संथ वाटेल. वास्तव्याच्या परवान्याच्या कचेरीत वेळ मिळायला महिने लागतात.

परत येण्याचा हिशेबही आत्ताच करा. ब्ल्यू कार्डवर 27 महिन्यांनी, बी1, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर 21 महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नागरिकत्व पाच वर्षांनी मिळू शकतं. 2024 पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय कार्ड घ्यावं लागतं. दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार मे 2017 पासून लागू आहे, त्यामुळे तिथे भरलेली निवृत्तिवेतनाची वर्षं वाया जात नाहीत. त्याचे कागद जपा. दोन वर्षांनी पुन्हा दोन कागद भरायची तारीख आजच ठरवा. मुलं पाचवी-सहावीच्या पुढे गेली की परतणं अवघड होत जातं, म्हणून ती तारीख पुढे ढकलू नका.

माझा कौल विचाराल तर असा आहे. मुलं सहा वर्षांच्या आतली, जोडीदाराची भाषा शिकायची मनापासून तयारी, आई-वडील हिंडते-फिरते आणि त्यांच्याजवळ कुणीतरी आपलं, शहर भाड्याने परवडणारं: जा, तिथलं आयुष्य तुम्हाला चांगलं मिळेल. दोघांचीही कामं पुण्यात रंगात आलेली, मुलगी आठवी-नववीत, आई-वडील पंचाहत्तरीचे आणि एकटे: पगार एक लाख युरो असला तरी आत्ता जाऊ नका. मधल्या सगळ्यांनी कंपनीकडे उत्तरासाठी तीन आठवडे मागून घ्यावेत आणि पहिल्या आठवड्यात आई-वडिलांशी बोलावं.